भूदृश्य व प्रवास छायाचित्रण

डोंगर, दऱ्या, नद्या, पठारे, समुद्रकिनारे इ. नैसर्गिक दृश्यांचे, तसेच पदभ्रमण व प्रवास यांत आढळणारी गावे, शहरे, वास्तू व लोकजीवन यांचे कॅमेऱ्याच्या साहाय्याने केलेले चित्रण. भूदृश्य छायाचित्रणात जमिनीचे रूप, आकाश, हवामान व प्रकाश हे मुख्य विषय असून माणूस व त्याची बांधकामे त्यांत गौण असतात. प्रवास छायाचित्रणात या सर्वांबरोबर स्थळाचा परिचय करून देणे हा उद्देश असतो. नगरदृश्यांचे चित्रण ही या दोहोंमधील शाखा होय. तिन्ही शाखांत छायाचित्रकाराला विषयाची मांडणी बदलता येत नाही. प्रकाशयोजनाही त्याच्या हाती नसते. उभे राहण्याची जागा, वेळ, ऋतू आणि चौकटीची कड एवढ्याच गोष्टी तो निवडू शकतो. या निवडीवरच चित्राचा दर्जा अवलंबून असतो.

अशा छायाचित्राचे मूल्य दुहेरी असते. ते पाहणाऱ्याला सौंदर्याचा प्रत्यय देते आणि त्याच वेळी विशिष्ट दिवशी विशिष्ट स्थळ कसे होते याची नोंदही करते. काढतेवेळी पहिले मूल्य महत्त्वाचे वाटते. काळ लोटला म्हणजे बहुधा दुसरे मूल्य अधिक ठरते. महाराष्ट्रात या कलेचा इतिहास अजिंठा व वेरूळ या स्थळांशी निगडित असल्यामुळे हे दुहेरी मूल्य येथे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

इतिहास : कॅमेऱ्याने टिपलेले व आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र हे एक बाह्यदृश्यच आहे. फ्रेंच संशोधक झोझेफ न्येप्स यांनी १८२६–२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे व अंगण धातूच्या पत्र्यावर उमटविले. १८३९ मध्ये लूई दागेअर यांची पद्धती पॅरिस येथे जाहीर झाली. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे एकस्व घेतले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कलोडियनाची ओली काच वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. या रीतीने निघणारी चित्रे अतिशय सुस्पष्ट असत, परंतु काचेवर द्रावणाचा थर देणे, उद्‌भासन करणे व चित्र विकसित करणे ही सर्व कामे थर वाळण्यापूर्वी, म्हणजे थोड्या मिनिटांत उरकावी लागत. त्यामुळे प्रवासी छायाचित्रकाराला कॅमेरा, तिपाई, काचा व रसायने यांबरोबर अंधारखोलीचा तंबूही नेणे भाग असे. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात हा थर अधिकच लवकर वाळे. सॅम्युएल बोर्न यांनी १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोठे प्रवास केले. १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत सु. ५,६०० मी. उंचीवर त्यांनी छायाचित्रे काढली. त्यासाठी हमालांचा मोठा तांडा त्यांना बरोबर न्यावा लागला.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनाचा कोरडा थर वापरण्याची कल्पना मांडली आणि तंबूची आवश्यकता संपुष्टात आली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी गुंडाळीची फिल्म असलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. तेव्हापासून सहलीला जाणारा सामान्य माणूसही छायाचित्रे काढू लागला. १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिमी. फिल्मचा प्रसार केला. रंगीत चित्रणासाठी १९०७ मध्ये ल्युम्येअर बंधूंची ऑटोक्रोम काच आणि १९३५ मध्ये कोडाक्रोम फिल्म उपलब्ध झाली. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबविण्यात आले. एकविसाव्या शतकात अंकीय कॅमेरा व त्यानंतर भ्रमणध्वनीतील कॅमेरा यांनी फिल्मची जागा घेतली.

अमेरिकेत या शाखेला सार्वजनिक कार्याचे स्वरूप लवकर प्राप्त झाले. विल्यम हेन्री जॅक्सन यांनी १८७१ मध्ये यलोस्टोन प्रदेशाची काढलेली छायाचित्रे काँग्रेसच्या सदस्यांपुढे ठेवण्यात आली व १८७२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. अँसल ॲडम्स (१९०२–८४) यांनी सिएरा नेव्हाडा पर्वतराजीच्या कृष्णधवल चित्रणाला तांत्रिक शिस्त लावली. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाची निर्मिती झाली, तिला त्यांच्या छायाचित्रांची मदत झाली.

भारतात मुंबई येथे १८५४ मध्ये ‘बाँबे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या संस्थेत डॉ. नारायण दाजी यांसारखे एतद्देशीय सभासदही होते. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबई व पश्चिम भारत यांतील दृश्ये आणि लोक यांचा चित्रसंग्रह क्रमशः प्रसिद्ध केला. १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ व १९५३ मध्ये हौशी छायाचित्रकारांच्या संस्थांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. प्रदर्शने व स्पर्धा यांद्वारे या संस्थांनी निसर्गचित्रणाची अभिरुची वाढविली. रंगीत प्रवासचित्रणात रघुबीर सिंग (१९४२–९९) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. गंगा, राजस्थान, मुंबई इत्यादींवरील त्यांच्या ग्रंथांत भारतीय रस्त्यावरील गर्दी व रंग यांनाच रचनेचा आधार केलेले आढळते.

अजिंठ्याच्या प्रतिकृती व छायाचित्रे : एप्रिल १८१९ मध्ये मद्रास सैन्यातील अधिकारी जॉन स्मिथ याने वाघोरा नदीच्या पलीकडील उंचवट्यावरून अजिंठ्याची लेणी पाहिली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपविले. गिल यांनी सु. वीस वर्षे खपून मोठ्या आकाराच्या तैलचित्र-प्रतिकृती तयार केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असता डिसेंबर १८६६ च्या आगीत जळून गेल्या. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांच्या मदतीने पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्झिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या.

गिल यांनी १८५० नंतरच्या दशकात छायाचित्रणही हाती घेतले होते. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने त्यांनी अजिंठा, वेरूळ, लोणार इ. ठिकाणची त्रिमितीय चित्रे काढली. त्यांवर आधारित दोन ग्रंथ जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. कृष्णधवल व आकाराने लहान अशी ही चित्रे प्रतिकृतींच्या मानाने गौण समजली गेली असली, तरी त्यांच्या अनेक प्रती निघालेल्या असल्यामुळे ती टिकली. वीस वर्षांच्या श्रमाचे तैलचित्र एकच असते, परंतु एका निगेटिव्हपासून कितीही प्रती निघू शकतात. हा फरक या प्रकरणाने ठळक केला.

दुसरा फरक मूळ वस्तूला होणाऱ्या इजेचा होय. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून आरंभीच्या प्रतिकारांनी भिंतींवर व्हार्निश लावले. ते पुढे पिवळे पडले व मूळ रंग झाकले गेले. छायाचित्रणात वस्तूला स्पर्श करावा लागत नाही. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी संपादिलेले अजंता हे ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाले. त्यांतील रंगीत व एकरंगी चित्रे छायाचित्रणावर आधारलेली असून गेल्या शतकातील भित्तिचित्रांच्या स्थितीचा ती महत्त्वाचा पुरावा आहेत. १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी बिनॉय बहल यांनी प्रखर दिव्यांचा वापर न करता, अत्यंत मंद प्रकाशात दीर्घ उद्‌भासन देऊन ही चित्रे पुन्हा टिपली. तीव्र प्रकाशाने रंगद्रव्यांना हानी पोहोचते, म्हणून लेण्यांत झोतदिव्याच्या वापरास बंदी आहे.

याच प्रदेशाचे दुसरे महत्त्वाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे होत. रुडकी येथे स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. पुढे ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांनी वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद व औरंगाबाद येथील वास्तूंची काढलेली चित्रे निजामाच्या राज्यातील दृश्यांच्या संग्रहात समाविष्ट आहेत. इमारतीची संपूर्ण उंची चौकटीत सरळ उभी ठेवणे आणि पुढील मोकळ्या जागेत एखादी व्यक्ती उभी करून आकारमानाची कल्पना देणे, हे त्यांच्या चित्रांचे विशेष होत.

दुर्गभ्रमण व छायाचित्रण : महाराष्ट्रात भूदृश्य छायाचित्रणाचा प्रसार प्रामुख्याने किल्ल्यांवरील भटकंतीतून झाला. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांनी दुर्गांवर विपुल लेखन केले व त्यांची छायाचित्रेही स्वतः काढली. नौदलात काम केलेले गोपाळ बोधे यांनी किल्ले, किनारे व शहरे यांची आकाशातून छायाचित्रे घेतली. उद्धव ठाकरे यांच्या महाराष्ट्र देशा (२०१०) या ग्रंथातही किल्ल्यांची हवाई छायाचित्रे आहेत. तटबंदी, माची व बालेकिल्ला यांचा परस्परसंबंध जमिनीवरून एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. तो हवाई चित्रात स्पष्ट होतो, म्हणून अशी चित्रे दुर्गांच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरतात. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत.

साधने : पायी भ्रमण करताना वजन ही मोठी अडचण असते. म्हणून एक कॅमेरा, एक रुंद कोनाचे भिंग, एक मध्यम दूरभिंग व हलकी तिपाई एवढी सामग्री पुरेशी समजतात. ३५ मिमी. चौकटीच्या कॅमेऱ्यासाठी २४ ते २८ मिमी. केंद्रांतराचे भिंग दरी, पठार व जवळचा खडक एकत्र दाखविण्यास उपयोगी पडते. ८५ ते १३५ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने एकामागे एक असलेल्या डोंगररांगा जवळ आल्यासारख्या दिसतात. अनुभवी छायाचित्रकार भूदृश्यासाठी रुंद कोनाइतकाच या दुसऱ्या भिंगाचा उपयोग करतात, कारण रुंद कोनात दूरचा डोंगर फार लहान दिसतो व प्रत्यक्ष पाहताना जाणवलेली त्याची भव्यता नाहीशी होते.

भूदृश्यात पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सर्व काही सुस्पष्ट असावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान ठेवतात व केंद्रीकरण अनंत अंतरावर न करता अलीकडे करतात. उदा., २८ मिमी. भिंगाचे छिद्र एफ ११ ठेवून सु. २·४ मी. अंतरावर केंद्रीकरण केल्यास सु. १·२ मी. पासून क्षितिजापर्यंतचा भाग समाधानकारक स्पष्ट येतो. छिद्र एफ १६ पेक्षा अधिक लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे संपूर्ण चित्राची स्पष्टता कमी होऊ लागते. लहान छिद्रामुळे उद्‌भासनाचा काल वाढतो, म्हणून पहाटे व सायंकाळी तिपाईची गरज भासते. धबधब्याच्या चित्रात हा काल अर्थपूर्ण ठरतो. १/५०० सेकंदात पाण्याचे थेंब गोठल्यासारखे दिसतात, तर १/४ सेकंदात त्यांची सलग धार होते.

फिल्टरांपैकी ध्रुवक फिल्टर आजही महत्त्वाचा आहे. ओली पाने व पाणी यांवरील चकाकी तो कमी करतो आणि सूर्यापासून काटकोनातील आकाश गडद करतो. हा परिणाम चित्र काढल्यानंतर संगणकावर पूर्णपणे साधता येत नाही. कृष्णधवल चित्रणात पिवळा, नारिंगी व तांबडा फिल्टर लावून आकाश गडद करून ढग उठावदार करण्याची पद्धती आहे.

प्रकाश व ऋतू : छायाचित्रणाची पुष्कळ पाठ्यपुस्तके समशीतोष्ण प्रदेशांतील लेखकांनी लिहिलेली असून त्यांतील वेळेसंबंधीच्या सूचना महाराष्ट्राला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) सु. १९° ५३′ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे विषुवदिनी सूर्योदयानंतर सूर्य ६° वर येण्यास सु. २५ मिनिटे लागतात, तर लंडनच्या अक्षांशावर तेवढ्यासाठी सु. ३८ मिनिटे लागतात. म्हणजे तिरप्या, उबदार प्रकाशाचा काल येथे बराच अल्प असतो. सूर्योदयापूर्वीच जागेवर पोहोचून चौकट ठरवून ठेवणाऱ्यालाच त्याचा लाभ होतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे छाया पायांखाली जमा होतात व डोंगरउतारांचा उठाव नष्ट होतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र मध्यान्हीही सूर्याची उन्नती सु. ४७° एवढीच असल्याने दिवसभर काम करता येते. सूर्योदयाची जागाही पूर्व बिंदूच्या दोन्ही बाजूंना सु. २५° पर्यंत सरकते. एखाद्या कड्यावर जूनमध्ये सकाळी पडणारे ऊन डिसेंबरमध्ये तेथे पडेलच असे नाही.

सह्याद्री व त्याच्या पूर्वेकडील शाखा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या आहेत. हा खडक फार थोडा प्रकाश परावर्तित करतो, परंतु त्याचे थर आडवे असल्यामुळे बाजूच्या उन्हात कड्यांवर पायऱ्यांसारख्या ठळक रेषा उमटतात. उन्हाळ्यात हवेतील धूळ दूरचे डोंगर पुसून टाकते. पहिल्या पावसानंतर हवा धुतली जाते. पावसाच्या सरी थांबल्यानंतरचे तास आणि पावसाळा संपतानाचे आठवडे दूरदृश्यांसाठी सर्वोत्तम असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये साताऱ्याजवळील कास पठारासारख्या सड्यांवर रानफुले येतात. हिवाळ्यात पहाटे दऱ्यांत धुके साचते व डोंगरांच्या रांगा करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत विभागल्या जातात. अंतरागणिक फिकट होत जाणाऱ्या या छटांनीच सपाट कागदावर खोलीचा भास निर्माण होतो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर क्वचित इंद्रवज्र दिसते. हा कडा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी पाठीमागे सूर्य व खाली कोकणात धुके असल्यास पाहणाऱ्याची छाया धुक्यावर पडून तिच्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. १८३५ मध्ये कर्नल साइक्स याने ते पाहिल्याची नोंद आहे. हे वर्तुळ पाहणाऱ्याच्या स्वतःच्या छायेभोवतीच असते, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या दोन व्यक्तींच्या छायाचित्रांत ते वेगवेगळ्या व्यक्तींभोवती आढळते.

उद्‌भासनाच्या दृष्टीने पांढरे धुके व काळा खडक या दोन्ही गोष्टी फसव्या आहेत. प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्याच्या सूचनेप्रमाणे काढलेले धुके मळकट, तर काळा कातळ फिकट येतो. म्हणून धुक्यासाठी सु. एक स्टॉप अधिक व कातळासाठी सु. एक स्टॉप कमी उद्‌भासन देतात.

रचना : निसर्गदृश्यात पाहणाऱ्याची नजर अनेक तपशिलांत विखुरते. एक मुख्य विषय ठरवून बाकीचे त्याला पूरक ठेवणे हे रचनेचे पहिले तत्त्व होय. क्षितिजरेषा चौकटीच्या मध्यातून घेतल्यास जमीन व आकाश यांत स्पर्धा होते. म्हणून ज्याला महत्त्व द्यावयाचे त्याला सु. दोन-तृतीयांश जागा देतात. पायवाट, तटबंदी किंवा ओढा यांसारखी रेषा पुढून मागे नेल्यास चित्रात खोली येते. कड्यावर किंवा लेण्याच्या दारात उभी असलेली व्यक्ती आकारमानाचे माप पुरविते. मात्र ही व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाहत असल्यास स्थळाऐवजी तीच चित्राचा विषय बनते.

उंच वास्तू टिपताना कॅमेरा वर झुकविल्यास उभ्या रेषा वरच्या टोकाला एकत्र येतात व इमारत मागे कलल्यासारखी दिसते. दौलताबादच्या चाँद मिनाराच्या बाबतीत हा दोष हमखास होतो. लांब जाऊन दूरभिंग वापरणे किंवा उंच जागेवरून चित्र घेणे हे त्यावरील साधे उपाय होत.

छत्रपती संभाजीनगरचा परिसर : या शहरापासून दौलताबाद सु. १५ किमी., वेरूळ सु. ३० किमी. व अजिंठा सु. १०० किमी. अंतरावर आहे. त्यामुळे एका दिवसाच्या सहलीत या कलेचे बहुतेक सर्व प्रश्न अनुभवास येतात. वेरूळची ३४ लेणी पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यात सु. २ किमी. लांबीत खोदलेली आहेत. सकाळी त्यांच्या दर्शनी भागावर छाया असते व दुपारनंतर ऊन आतपर्यंत पोहोचते. कैलास लेणे वरून खाली कोरलेले असल्यामुळे ते सु. ३० मी. खोल खड्ड्यात उभे आहे. भर दुपारी शिखर प्रखर उन्हात, तर प्रांगणाचा बराचसा भाग गडद छायेत असतो. रंगीत पारदर्शिका सु. पाच स्टॉपांचाच फरक सामावून घेत असल्याने पूर्वी यांपैकी एकाचाच तपशील मिळे. आधुनिक अंकीय संवेदकाची क्षमता याच्या दुपटीहून अधिक असली, तरी उंच पातळ ढग असलेला दिवस अद्यापही अधिक सोयीचा ठरतो. डोंगरावर चढून वरून घेतलेल्या चित्रात खोदकामाची पद्धती स्पष्ट होते, तर प्रांगणातून घेतलेल्या चित्रात शिल्पांची भव्यता. दोन्ही मिळूनच लेण्याचे खरे स्वरूप कळते.

अजिंठ्याला लेण्यांसमोरील टेकडीवरून नालाकृती दरी व तीत अर्धवर्तुळात कोरलेली लेणी एकत्र दिसतात. पावसाळ्यात दरीच्या वरच्या टोकाचा धबधबा वाहतो तेव्हा, नदीनेच हा कडा कापला व म्हणूनच येथे खोदकाम शक्य झाले, हा भूवैज्ञानिक संबंध एकाच चौकटीत मांडता येतो.

बीबी का मकबरा या वास्तूचे प्रवेशद्वार दक्षिणेस असून मागे उत्तरेला डोंगर आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरत असल्याने दर्शनी बाजू दिवसभर उजळलेली राहते. घुमट संगमरवरी आहे, मात्र वास्तूचा पुष्कळसा भाग गिलाव्याचा आहे. मंद, तिरप्या प्रकाशात या दोहोंच्या पांढऱ्या रंगांतील फरक दिसून येतो. प्रखर उन्हात तो हरपतो.

शहरातील भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा इ. वास्तू रहदारीच्या मध्ये उभ्या आहेत. रिकामा दरवाजा मिळावा म्हणून पहाटे चित्र घेण्याची प्रथा आहे, परंतु दरवाज्यातून जाणाऱ्या रिक्षा, हातगाड्या व माणसे हाच त्याच्या वापराचा पुरावा असतो. त्या वगळल्यास चित्र नीटनेटके होते, तरी त्याचे नोंदमूल्य घटते. याहून उपेक्षित विषय म्हणजे नव्या वस्त्या. स्मारकांची चित्रे दीडशेहून अधिक वर्षे निघत आहेत. याउलट गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या वस्त्या माळावर व शेतांवर कशा उभ्या राहिल्या, त्यांचे पहिले रस्ते, दुकाने व घरे कशी होती, यांची चित्रे बहुधा कुटुंबांच्या खाजगी संग्रहांतच सापडू शकतात. वाढदिवसाच्या चित्रात मागे दिसणारी मोकळी जागा, किंवा गच्चीवरून घेतलेल्या चित्रातील दूरचा डोंगर, हा कित्येकदा त्या भूदृश्याचा एकमेव पुरावा असतो.

पुनर्छायाचित्रण : जुन्या छायाचित्राची जागा शोधून, तेवढ्याच कोनाचे भिंग वापरून व शक्यतो त्याच ऋतूत, त्याच वेळी नवे चित्र घेण्याच्या पद्धतीस पुनर्छायाचित्रण म्हणतात. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातील एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षण-चित्रांबाबत असे कार्य केले. दोन चित्रांची तुलना करून धूप, वृक्षतोड, पाण्याची पातळी, पडझड व बांधकामे यांतील बदल मोजता येतात. गिल व दीनदयाळ यांची चित्रे उपलब्ध असल्याने मराठवाडा हे अशा अभ्यासासाठी अनुकूल क्षेत्र आहे.

नियमित चित्रणाचे महत्त्व बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या उदाहरणावरून समजते. उल्काघाताने निर्माण झालेल्या सु. १·८ किमी. व्यासाच्या या विवरातील पाणी एरवी हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. काठावरून व उपग्रहांतून घेतलेल्या चित्रांमुळे हा बदल सर्वत्र ज्ञात झाला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आल्याचे त्यात आढळले. रंग पुढे ओसरला. छायाचित्रे नसती तर केवळ ऐकीव माहिती उरली असती.

मर्यादा व दक्षता : छायाचित्र स्थळाचे रक्षण करू शकते तसेच त्याला उपद्रवही देऊ शकते. एखाद्या नाजूक पठाराचे आकर्षक चित्र प्रसृत झाले की तेथे गर्दी लोटते व ज्या फुलांमुळे चित्र काढले तीच तुडविली जातात. दुर्मिळ वनस्पती व पक्ष्यांची घरटी यांची नेमकी जागा जाहीर न करण्याचा संकेत म्हणून पाळला जातो. कड्याच्या टोकावर, धबधब्याच्या माथ्यावर वा शेवाळलेल्या कातळावर उभे राहून चित्र घेण्याच्या प्रयत्नात होणारे अपघात टाळता येण्याजोगे असतात. चौकटीत पाहत असताना मागे पाऊल टाकू नये, हा गिर्यारोहकांचा साधा नियम आहे. संरक्षित स्मारकांत हातातील कॅमेऱ्याने चित्रे घेता येतात, परंतु तिपाईसाठी पूर्वपरवानगी लागते. ड्रोनच्या वापरास २०२१ चे नियम लागू असून स्मारकांवर त्यासाठी स्वतंत्र अनुमती आवश्यक असते. प्रवासात व्यक्तींची, विशेषतः पूजाअर्चा, स्नान वा शोक यांत गुंतलेल्या लोकांची चित्रे त्यांच्या संमतीवाचून घेणे अनुचित समजले जाते.

अंकीय तंत्राने चित्रांची संख्या अमाप वाढविली असली, तरी त्यांचे आयुष्य वाढविलेले नाही. गिल यांच्या काळातील कागदी प्रती दीड शतक टिकल्या. संगणकातील संचिका मात्र साठवणीचे साधन बिघडल्यास वा कालबाह्य झाल्यास एकाएकी नाहीशी होते. म्हणून महत्त्वाच्या चित्रांच्या निदान तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, ठेवाव्यात व निवडक चित्रे टिकाऊ कागदावर छापून घ्यावीत असा संकेत आहे. प्रत्येक चित्राबरोबर स्थळ, दिनांक, वेळ व कॅमेऱ्याची दिशा यांची नोंद असणे आवश्यक आहे. अशा नोंदीवाचून उत्कृष्ट भूदृश्यही काही वर्षांनी कोणत्या तरी डोंगराचे चित्र एवढेच उरते. नोंद असल्यास सामान्य चित्रदेखील अभ्यासाचे साधन बनते.